साडूचे पाच बीम

माझे सासरे मोजताना कधीच 'एक' म्हणत नाहीत. पहिल्याला ते 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. शेवगावच्या बाजार आवारात त्यांनी अख्खं आयुष्य मापाडी म्हणून काढलं. ज्वारी, बाजरी, तूर, जे येईल ते काट्यावर तोलायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आकडा पुकारायचा. त्या पुकारण्याचीही एक रीत आहे. जे पारडं भरतंय त्याचा आकडा ते तोंडात घोळवत राहतात, 'तीन, तीन, तीन', आणि काटा बरोबर मधोमध आला की मगच 'चार'वर जातात. म्हणजे त्यांच्या तोंडून 'चार' ऐकू आलं की समजायचं, तीन भरले. पारडं कितीही वेळ हलू दे, भरल्याशिवाय आकडा पुढे सरकत नाही. मग समोर शेतकरी असो, व्यापारी असो की स्वतःचा जावई असो.

हे इतकं सविस्तर सांगतोय, कारण माझ्या आयुष्यातली तीन वर्षं या मोजणीनं खाल्ली. या मोजणीनं आणि माझ्या साडूनं.

साडू म्हणजे मेव्हणीचा नवरा. राहात्याचा, पेरूची बाग असलेला. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, उंचीला माझ्याएवढाच आणि बाकी सगळ्या बाबतींत माझ्या दुप्पट. मी नगरला एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. आता अहिल्यानगर म्हणायचं. पत्रांवर मी स्वतःच तसं टाइप करतो, पण तोंडात नगरच येतं. आमच्या घरात तीन पिढ्या मास्तर नाहीतर कारकून. आम्ही उचललेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे हजेरीपुस्तकांची चळत. साडू सासरवाडीला येतो तेव्हा पेरूचे दोन क्रेट एकावर एक खांद्यावर घेऊन येतो, आणि चप्पल काढताना ते खाली ठेवायचीही त्याला गरज वाटत नाही. मागून मी मिठाईचा पुडा घेऊन. सासूबाई क्रेट बघतात. मिठाई फ्रिजमध्ये जाते.

मला त्याचा हेवा वाटतो. एकदाचं लिहून टाकलं. 'तसं कौतुकच आहे हो' वगैरे काही नाही, सरळसोट हेवा, पोटात दुखतं असा. तो माणूस वाईट असता तर फार बरं झालं असतं. माझ्या दुखण्याला काही कारण तरी दाखवता आलं असतं. पण तो पडला देवमाणूस. दुसरं म्हणजे, सासरे मला 'पाव्हणं' म्हणतात. 'बसा पाव्हणं', 'च्या घ्या पाव्हणं'. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी मी पाव्हणाच. आणि तो दारात दिसला की, 'आला का रं? आरं, ती मोटर बघ जरा, पानी उचलंना.' मला आजवर कुणी मोटर बघायला सांगितलेली नाही. जावयाला मान हवा असतो म्हणतात. मला तो 'रं' हवा होता.

मागचा धोंड्याचा महिना श्रावणात आला होता. दर तीन वर्षांनी अधिक महिना येतो, तेव्हा लेकी-जावयांना बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वर अनारशांचं वाण द्यायचं. तर आम्ही दोघं जावई जेवणाची वाट बघत अंगणात बसलो होतो. त्या अंगणात दोन लोखंडी खांबांवर एक आडवा पाईप आहे. बाजारात आकडे दाखवणारे इलेक्ट्रॉनिक काटे आले तेव्हा सासऱ्यांनी जुना तराजू भंगारात जाऊ दिला नाही, घरी आणून त्या पाईपला टांगला. शेजारचे लोक अजून शेंगा नाहीतर हरभरा तोलून घ्यायला येतात. त्या दिवशी तराजू उतरवलेला होता आणि पाईप मोकळा दिसत होता.

साडूला मोकळं काही दिसलं की हात शिवशिवतात. तरुणपणी त्यानं सैन्यभरतीची तयारी केली होती. मैदानात पास झाला आणि मेडिकलला कानामुळे बाद झाला. पुलअपला भरतीची पोरं 'बीम' म्हणतात, तोही तेच म्हणतो. 'मामा, बघू बरं अजून बीम येत्यात का,' म्हणून तो लटकला, पाच-सहा सहज मारले, खाली उतरला आणि सासऱ्यांचं वीस किलोचं लोखंडी वजन दोरीनं कमरेला बांधून पुन्हा लटकला.

सासऱ्यांच्या तोंडून आपसूक मोजणी सुरू झाली. 'लाभ, लाभ. दोन. तीन, तीन. चार, चार. पाच, पाच, पाच. सहा, सहा, सहा...' सहाव्याला त्याची हनुवटी पाईपच्या खालीच राहिली आणि त्यानं हात सोडले. 'पाच भरलं,' सासरे म्हणाले, आणि त्याच्या पाठीवर थाप मारून वर म्हणाले, 'ह्याला म्हणत्यात अंग!' स्वतःच्या मुलीला बारावीत पहिला वर्ग मिळाला तेव्हा 'बरंय' म्हणणारा हा माणूस. माझ्या बायकोनं टाळ्या वाजवल्या. माझ्या बायकोनं!

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. पण धोंड्याच्याच महिन्यात आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायची मला हुक्की आली. 'वजन नको, नुसतंच बघतो,' म्हणत मी पाईप धरला. खालून आवाज सुरू झाला. 'लाभ. लाभ. लाभ.' मी मान ताणली, पाय झाडले, डोळे मिटले. 'लाभ. लाभ. लाभ. लाभ.' प्रामाणिक माणूस. पारडंच उचलेना तर आकडा कसा उचलणार? मेव्हणी हसता हसता पायरीवर बसली. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, 'उतरा आता, धोंडं गार व्हायलेत.'

त्या दिवसापासून सासरवाडीत माझं नाव 'लाभ' पडलं. दिवाळीत दारावर लावतात ना शुभ आणि लाभ, त्यातल्या फक्त 'लाभ'च्या स्टिकरचा फोटो मेव्हणीनं मला पाठवला, खाली लिहिलं, 'दाजी'. बायकोनं तो मैत्रिणींना दाखवला. साडू मात्र एकदाही हसला नाही. त्यानं आपणहून फोन केला. 'दादा, मनावर घ्यू नका. रोज थोडं थोडं लटकत जावा. जमंल तुमास्नी.' चेष्टा परवडली असती. त्या धीर देण्यानं मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आठवडाभरात मी सावेडीतल्या एका जिममध्ये नाव घातलं. तिथला ट्रेनर पंचविशीचा, मला 'सर' म्हणणारा. 'काय टार्गेट सर? पोट कमी करायचंय?' मी म्हटलं, 'कमरेला वीस किलो बांधून सहा पुलअप.' त्यानं माझ्या दंडांकडे पाहिलं, मग माझ्या चष्म्याकडे, आणि म्हणाला, 'आधी लटकू.'

दोन महिने मी नुसता लटकलो. मग स्टुलावर चढून वरून हळूहळू खाली यायचं, मग पायाखाली रबराचा पट्टा घेऊन वर जायचं. पहिला पूर्ण पुलअप निघाला तेव्हा मी खाली उतरून इकडेतिकडे बघितलं. एक गृहस्थ बाटलीत पाणी भरत होते, बाकी कुणी नव्हतं. पहिला भरायला मला साडेचार महिने लागले, आणि तो 'लाभ' म्हणायलाही कुणी नव्हतं.

ट्रेनरची शिकवण साधी होती. हातानं ओढायचं नाही, दोन्ही कोपरं पँटच्या खिशात घालायची आहेत असं समजून खाली आणायची. झोके घ्यायचे नाहीत. खाली येताना हात पूर्ण सरळ. नुसत्या अंगाचे दहा स्वच्छ निघाल्यावर त्यानं साखळीचा पट्टा माझ्या कमरेला बांधला आणि त्यात अडीच किलोची प्लेट अडकवली. अडीच किलो म्हणजे काय, बुधवारची भाजीची पिशवी. पण पायांमध्ये लोंबणारी ती पिशवी दहाचे सहा करून गेली. पुढं पाच किलो झाले, साडेसात झाले, दहाला येऊन तर चार महिने गाडी हललीच नाही. रोज संध्याकाळी ऑफिस सुटलं की मी तिथं. प्रत्येक वेळी वर जाताना डोळ्यांसमोर ती पाठीवरची थाप. इतरांना प्रोटीनची पावडर लागते, मला ते पुरत होतं. 'सर, तुम्हाला एवढं मोटिव्हेशन येतं कुठून?' ट्रेनरनं विचारलं. मी म्हटलं, 'साडू.' त्याचं लग्न झालं नव्हतं, त्याला काही कळलं नाही.

साडूचं स्टेटस मी म्यूट करून ठेवलं होतं आणि दिवसातून दोनदा मुद्दाम उघडून बघत होतो. बागेत साडू. ट्रॅक्टरवर साडू. एकदा नुकतीच जन्मलेली कालवड गळ्याभोवती घेऊन साडू. कालवडीच्या दिवशी मी ट्रेनरला न विचारता एकदम पाच किलो वाढवले. कोपरात कळ आली आणि दीड महिना चहाचा कपसुद्धा डाव्या हातानं धरावा लागला. त्या दीड महिन्यात मला एकच काळजी होती, तो तिकडे बीम मारत असेल.

बायकोला सुरुवातीला वाटलं, मी तब्येतीचं मनावर घेतलंय. एकदा तिनं माझा तळहात उलटा केला. चारही बोटांच्या मुळाशी घट्टे. 'अहो, हे काय? विहीर खणताय का कुठं?' मग कौतुकानं खांद्यावरून हात फिरवला, 'शर्ट आता अंगात भरून बसतो बाई.' तिथंच ती थांबली असती तर ही सगळी शर्यत मी सोडूनही दिली असती. पण ती पुढे म्हणाली, 'भाऊजींसारखी छाती दिसायला लागलीय थोडी.' थोडी! दुसऱ्या दिवशी मी साडेसतरा किलो बांधले.

यंदाचा धोंडा ज्येष्ठात आला, भर उन्हाळ्यात. तोवर जिममध्ये वीस किलो बांधून माझे सात निघत होते. मी ट्रेनरकडून पट्टा आणि दहा-दहाच्या दोन प्लेटा उसन्या घेतल्या आणि गाडीच्या डिकीत साड्यांच्या पिशवीखाली दडवल्या. बायकोनं पिशवी उचलली. 'हे लोखंड कसलं?' 'ऑफिसचं आहे,' मी म्हटलं. ऑफिसात लोखंड कशाला लागतं हे तिनं विचारलं नाही, तिचं निम्मं लक्ष अनारशांवर होतं.

शेवगावला पोचलो तर साडू आधीच हजर. खुर्चीवर पाय वर घेऊन भजी खात बसलेला. तराजू पाईपला टांगलेला. कुणीतरी आता विषय काढेल, मग काढेल म्हणून मी अर्धा तास थांबलो. उसाच्या भावावर बोलणं झालं, लाईटवर झालं, कुणाच्या तरी गुडघ्यांवर झालं. शेवटी मीच म्हणालो, 'यंदा बीम नाही का?'

'कसलं बीम, दादा?' साडू म्हणाला.

त्याला आठवतच नव्हतं. ज्या पाच बीमपायी मी तीन वर्षं घासलो, ते तो त्या दिवशीच्या धोंड्यांबरोबर पचवून मोकळा झाला होता. मेव्हणीला मात्र पक्कं आठवत होतं. 'अहो, नाही का, दाजी लाभ लाभ लाभ करत होते!' मग त्यानं मांडीवर हात मारला. 'आरं व्हय की! मारा दादा, मारा!'

'आधी तू.'

'मी न्हाई बा. लई भजी खाल्ल्यात. पाईप वाकंल.'

मी दोनदा म्हणून पाहिलं. तो हसत 'न्हाई न्हाई' म्हणाला आणि आणखी एक भजं उचललं. लाजून नाही, घाबरून नाही, त्याला नकोच होतं. मी मनाशी ठरवलं, हरकत नाही, त्याचे पाच आहेतच. आपण सहा भरायचे, सासऱ्यांच्या तोंडून 'सात' ऐकायचं, बस्स. डिकीतून पट्टा आणि प्लेटा काढून आणल्या. बायकोनं कपाळाला हात लावला. 'हे ऑफिसचं?'

सासऱ्यांनी एक प्लेट हातात घेऊन वरखाली झुलवली. मग दुसरी. 'ह्ये किती म्हनायचं?'

'दहा-दहा. वीस किलो.'

'शिक्का कुठंय?'

'मामा, जिमच्या प्लेटांवर सरकारी शिक्का नसतो.'

'शिक्का न्हाई त्ये वजन न्हाई, पाव्हणं.' असं म्हणून त्यांनी दोन्ही प्लेटा तराजूच्या एका पारड्यात ठेवल्या आणि दुसऱ्यात आपलं शिक्क्याचं वीस किलो. माझं पारडं वर गेलं. त्यांनी माझ्या बाजूला एक किलो टाकलं, तरी वरच. अर्धा किलो टाकलं, तेव्हा काटा मधोमध आला. ते बराच वेळ काट्याकडे बघत राहिले. 'दीड किलो कमी हाय. फसवलंय तुमाला कुनीतरी.'

मापात पाप, आणि तेही माझ्याच घामात. तीन वर्षं घासून ज्याला मी वीस समजत होतो ते साडेअठरा होतं. 'म्हणजे दाजी, अजून लाभच का?' मेव्हणी म्हणाली. बायकोनं तिला गप्प केलं, पण स्वतः ओठ दाबून. साडू तेवढा कळवळला. 'जाऊ द्या ना मामा, दीड किलोनं काय हुतंय?' त्याची ती दया मला उन्हापेक्षा जास्त लागली.

'तुमचंच द्या,' मी म्हणालो.

तराजू उतरवला. सासऱ्यांनी स्वतः वाकून माझी साखळी त्यांच्या वजनाच्या कडीतून ओवली. लोखंड उन्हानं तापलेलं होतं, पँटमधूनही मांडीला चटका बसत होता. मी पाईप धरला, हात सरळ सोडले आणि कोपरं खिशाकडे नेली.

'लाभ. दोन.' आवाज तोच, तीन वर्षांपूर्वीचा, पण आता चालता. 'तीन. चार, चार.' चौथ्याला दीड किलो कळायला लागलं. 'पाच, पाच, पाच.' हनुवटी पाईपला घासून वर गेली. 'सहा.' पाच भरले होते, मी त्याच्या बरोबरीला आलो होतो. 'सहा, सहा.' मी निम्म्यात अडकलो. ना वर, ना खाली. 'सहा, सहा, सहा.' डोळ्यांपुढे पाईपचा गंज होता आणि पोटात इतका राग होता की तो कुणावर आहे तेही कळेना. साडू खालून ओरडत होता, 'दादा वर! दादा वर! आरं मारा की!' त्याला गप्प करावं म्हणूनच बहुतेक मी शेवटचं ओढलं. गळा पाईपला लागला.

'सात,' सासरे म्हणाले.

मी सातव्याचा प्रयत्नही केला नाही. हात सोडले, वजन जमिनीवर आदळलं, मी वाकून धापा टाकत उभा राहिलो. 'सहा भरलं,' सासऱ्यांनी पुकारलं आणि माझ्याकडे दोन पावलं टाकली. त्यांचा हात उचललेला मला दिसला. काहीतरी बोलायला त्यांनी तोंडही उघडलं.

तेवढ्यात साडू आला. भज्यांची ताटली कुठंतरी उडाली. 'दादा! दादा! नाद न्हाई!' असं ओरडत त्यानं माझ्या गुडघ्यांना मिठी मारली, खांदा पोटाखाली घातला आणि मला उचललं. साखळी कमरेलाच होती. अडुसष्ट किलोचा मी आणि शिक्क्याचे वीस, अशा अठ्ठ्याऐंशी किलोंना खांद्यावर घेऊन त्यानं अंगणात चक्कर मारली. ते वजन लोंबकळत त्याच्या छातीवर आपटत होतं, त्याला पत्ता नव्हता. दुसऱ्या चकरेला त्यानं एक हात सोडला आणि मेव्हणीला म्हणाला, 'मोबाईल दे गं, फोटू काढू दादांचा.'

सासरे पोट धरून हसत होते. त्यांना असं हसताना मी कधी बघितलं नव्हतं. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं होतं हसून हसून. सगळे त्याच्याकडे बघत होते आणि मी त्याच्या खांद्यावर, सगळ्यांच्या वर, जळत होतो.

'आरं ठिव त्यास्नी खाली, पडतील,' सासरे कसेबसे म्हणाले. त्यानं मला अलगद उतरवलं. श्वास जरासुद्धा लागला नव्हता. 'किती वजन हाय दादा तुमचं?' त्यानं काळजीनं विचारलं. 'हलकंच हाय की. जेवत जावा.' मग आम्ही शेजारी शेजारी पाटावर बसलो. त्यानं सात धोंडे खाल्ले, मी तीन. सासऱ्यांना जे बोलायचं होतं ते हसण्यात राहून गेलं आणि मला ते विचारता आलं नाही.

परतीच्या वाटेवर पाथर्डी मागं पडलं. मग बायको म्हणाली, 'खूश ना आता? सहा मारलेत.'

'हो,' मी म्हणालो. थोड्या वेळानं राहवेना. 'पण त्यानं मला वजनासकट उचललं, ते मामांनी मोजलं नाही.'

ती खिडकीबाहेर बघत होती. 'अहो, त्यात काय मोजायचं?' ती म्हणाली. 'आनंद झाला, उचललं.'